खिडकीचा उजेड चेहऱ्यावर वाचायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खोलीतल्या मोठ्या खिडकीशेजारी माणसाला उभं करून फोटो काढता, तेव्हा अर्धा चेहरा काळा पडतो आणि खिडकी पांढरीफटक येते. दुपारचे फोटो कडक दिसतात, ढगाळ दिवसाचे मऊ येतात पण मरगळलेले वाटतात. कॅमेऱ्यावर सुरुवातीला कोणते आकडे ठेवायचे हेही विचारलंय, आणि शेवटी, आता एखादा लाइट विकत घ्यावा का. लाइटचं शेवटी बोलू, कारण बाकीची उत्तरं मिळाली की तो प्रश्न निम्मा सुटलेला असेल.

वीस-बावीस वर्षं मी माणसांचे फोटो काढते आहे आणि त्यातले निम्म्याहून जास्त खिडकीच्या उजेडात काढले आहेत. शिकायला येणाऱ्या बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. ते खिडकीकडे बघतात. खिडकी छान आहे, पडदा छान आहे, उजेड भरपूर येतोय, म्हणून माणूस तिथे उभा करतात. पण फोटोत खिडकी येणार नसते, चेहरा येणार असतो. उजेड चेहऱ्यावर कुठून कुठे जातोय, नाकाची सावली कुठे पडते आहे, दुसरा गाल कुठे विझतोय, हे बघायला डोळा शिकला की उरलेलं सगळं त्यातूनच निघतं.

त्यासाठी कॅमेरा लागत नाही. खिडकीपासून हातभर अंतरावर उभे राहा, मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि हळूहळू गोल फिरा. बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या बुडाशी उजेड कसा सरकतो ते बघा. मग एकेक पाऊल मागे जात तेच परत करा. भिंतीपाशी पोचेपर्यंत मुठीवरचा उजेड चार-पाच वेळा बदललेला असेल. पहिल्या पावलाला सावली खोल आणि कडेला मऊ असते, शेवटच्या पावलाला सगळीकडे फिकट. अनोळखी खोलीत फोटो काढायला गेले की अजूनही मी आधी मूठ धरून एक चक्कर मारते आणि मग बॅग उघडते.

आता अर्ध्या काळ्या चेहऱ्याचं. तुम्ही बहुधा माणसाला खिडकीच्या बरोबर मध्यावर, भिंतीला खांदा लावल्यासारखा उभा करता आणि स्वतः भिंतीला समांतर बघत समोर उभे राहता. तिथे उजेड थेट बाजूने, ९० अंशांनी येतो. नाक मधे येतं आणि पलीकडच्या गालावर खिडकीचं काहीच पोचत नाही. तो गाल उजळणार तो खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवरून परत येणाऱ्या उजेडाने, आणि ती भिंत लांब असेल किंवा गडद रंगाची असेल तर तिच्याकडून यायला काही शिल्लक नसतं. कॅमेऱ्याची सेटिंग्ज कितीही बदलली तरी हे जात नाही. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा आत घेतो तो उजेड, वाढवलं की काळा गाल दिसू लागतो आणि उजळ गाल जळतो.

उपाय साधा आहे, त्या माणसाला तुमच्यापासून लांब, खिडकीच्या पलीकडच्या कडेपर्यंत न्या. चौकट संपते तिथून आणखी अर्धं पाऊल मागे. तुम्ही मात्र अलीकडच्या कडेशी, भिंतीच्या जवळ राहा. आता खिडकी तुमच्या आणि त्याच्या मधल्या पट्ट्यात आली. उजेड त्याच्या चेहऱ्यावर समोरून-बाजूने, साधारण ४५ अंशांनी पडू लागतो. पलीकडच्या डोळ्यात जीव येतो. शिवाय या जागी उजेड खिडकीच्या कडेवरून तिरका घासत येतो, त्यामुळे सावलीकडे जाताना तो हळूहळू विरतो. माझ्या कामातले बरेचसे फोटो याच अर्ध्या पावलाच्या पट्ट्यात झाले आहेत.

त्यानंतर चेहरा वळवायचा. माणसाला सांगा की नाक खिडकीकडे न्या आणि तिथून अगदी सावकाश माझ्याकडे आणा. तुम्ही फक्त पलीकडच्या गालाकडे बघत राहा. आधी सगळा चेहरा सपाट उजळ दिसेल. मग नाकाच्या बाजूला छोटी सावली सुरू होईल, लांबत जाईल, आणि एका क्षणी ती गालाच्या सावलीला जाऊन मिळेल. त्या क्षणी सावलीतल्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण सुटा राहतो. १७व्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या नावाने फोटोग्राफर ज्याला ओळखतात, तो हा उजेड. अजून थोडं वळलं की त्रिकोण विझतो आणि अर्धा चेहरा गेला. त्रिकोण दिसण्यापासून तो विझेपर्यंत मान जेमतेम काही अंश फिरलेली असते.

एका निवृत्त सुतारांचा फोटो काढत होते. सत्तरीच्या पुढचे, डोळे खोल, भुवया दाट. खिडकीसमोर बसवलं तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे दिसत होते. उजेड वरून येत होता आणि भुवयांनी तो अडवला होता. मी त्यांना काहीच न सांगता मांडीवर एक पांढरा कागद ठेवला आणि त्यावर त्यांच्या एका जुन्या कपाटाचा आराखडा काढून दाखवा म्हटलं. ते काढू लागले. मग मधेच कुठलासा सांधा आठवून त्यांनी हनुवटी दोन बोटं वर केली आणि खिडकीबाहेर बघितलं. त्या दोन बोटांत उजेड भुवईच्या खाली शिरला, खालून कागदाने थोडा परत पाठवला, आणि दोन्ही डोळ्यांत खिडकीचा एकेक चौकोन उमटला. पेन्सिल अजून बोटांत होती. तोच फोटो त्यांच्या घरात लागला.

डोळ्यातल्या त्या चौकोनाला फार मोल आहे. तो नसेल तर बाकी सगळं अचूक असूनही माणूस थकलेला, गप्प दिसतो. बुबुळाचं घड्याळ समजलात तर तो दहाच्या किंवा दोनच्या काट्याशी हवा. सहाच्या बाजूला आला तर उजेड खालून येतोय असं समजा, आणि खालून आलेला उजेड चेहऱ्याला अनोळखी करतो. जमिनीपर्यंत उतरलेल्या खिडक्यांत हा दोष हमखास असतो, बाहेरच्या उन्हाने तापलेली गच्ची किंवा फरशी असेल तर आणखीच. अशा वेळी खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकून टाका. चादर, पुठ्ठा, काहीही चालेल. उजेड कमी होईल म्हणून लोक हे करायला धजत नाहीत. पण झाकल्याबरोबर हनुवटीखाली सावली येते, जबड्याला रेघ मिळते आणि चेहरा मानेपासून सुटा होतो. चांगल्या फोटोला उजेड किती आहे यापेक्षा तो कुठून येतोय याची गरज जास्त असते.

दुपारच्या कडकपणाचं कारण वेगळं. आकाशात सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे अगदी लहान दिवा. लहान दिव्याची सावली धारदार असते. खिडकीतून थेट ऊन आत येतं तेव्हा उजेडाचा उगम सूर्यच असतो, खिडकी नुसतं भोक. खिडकी भिंतभर असली तरी कवडसा कडकच पडणार. ऊन थेट येत नसेल, तेव्हा मात्र खिडकीतून दिसणारं आकाश हा दिवा होतो आणि खिडकी जेवढी मोठी तेवढा तो मोठा. उन्हाच्या वाटेत पातळ पांढरा पडदा आला तरी तेच होतं. पडदा स्वतः उजळतो आणि चेहऱ्याच्या दृष्टीने आता तोच दिवा. पडदा पांढराच हवा. पिवळसर किंवा गुलाबी पडद्याचा रंग थेट त्वचेत उतरतो आणि नंतर संगणकावर तो पूर्ण निघत नाही.

मऊपणा ही खिडकीची स्वतःची गोष्ट नाही हेही इथेच सांगते. चेहऱ्यावरून बघितलं तर खिडकी किती मोठी दिसते, त्यावर तो ठरतो. एक मीटर रुंद खिडकीपासून एक मीटरवर बसलेल्याला जो मऊपणा मिळेल, तो तीन मीटरवर बसलेल्याला तीन मीटर रुंद खिडकी असेल तरच मिळेल. त्यामुळे लहान खिडकी वाईट नसते, तिच्या जवळ जावं लागतं एवढंच.

जवळ गेलं की आणखी एक गोष्ट होते. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, अंतर दुप्पट झालं की एक चतुर्थांश, म्हणजे दोन स्टॉप कमी (उजेड निम्मा झाला की एक स्टॉप कमी, दुप्पट झाला की एक स्टॉप जास्त). खिडकी मोठी असल्याने अगदी जवळ ही घट थोडी सौम्य असते, पण आतल्या खोलीकडे ती जाणवतेच. म्हणून माणूस खिडकीपासून अर्ध्या मीटरवर आणि मागची भिंत चार मीटरवर असेल, तर त्याच्या चेहऱ्यासाठी एक्स्पोजर लावल्यावर भिंत आपोआप काळोखात जाते. पसारा, स्विचबोर्ड, कॅलेंडर सगळं नाहीसं. उलट खोली दिसायला हवी असेल, त्या माणसाची पुस्तकं किंवा त्याचं काम दिसायला हवं असेल, तर त्याला आत दोन-अडीच मीटरवर न्या. तिथे चेहऱ्याच्या आणि मागच्या भिंतीच्या उजेडातला फरक कमी होतो, भिंतींवरून येणाऱ्या उजेडाचा वाटा वाढतो. काळ्या गालाचा प्रश्नही तिथे हलका होतो. बदल्यात उजेड थोडा कडक आणि बराच कमी मिळतो. दोन्ही जागा बरोबर आहेत, फोटोत काय सांगायचंय त्यावर जागा ठरते.

सावली उचलायला पांढरं थर्मोकोल पुरतं. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, फ्रेमच्या अगदी बाहेर, चेहऱ्यापासून दोन हातांवर धरा आणि पुढे-मागे करत गालाकडे बघा. चंदेरी रिफ्लेक्टर मी जवळजवळ वापरत नाही. तो दुसरी खिडकी असल्यासारखा उजेड फेकतो, नाकाला दोन सावल्या येतात आणि माणूस डोळे बारीक करतो. थर्मोकोल कुठे धरायचं याची माझी खूण अशी: गालावर त्याचा परिणाम स्पष्ट दिसू लागला की एक पाऊल मागे घ्या. सावली सावलीच राहिली पाहिजे, तिच्यातली त्वचा दिसली पाहिजे. उजळ आणि सावलीतल्या गालात दोन स्टॉपचा, म्हणजे एकास चार असा फरक मला पुष्कळदा आवडतो. लहान मुलांना आणि हसऱ्या फोटोंना एक स्टॉप पुरे.

ढगाळ दिवसाच्या मरगळीवर याच्या नेमकं उलटं करायचं. मळभ आलं की उजेड मऊ असतो, आणि खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर तो चारी बाजूंनी चेहऱ्यावर येतो. त्यात तुम्ही माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवलं तर सावली पडायला जागाच उरत नाही. नाक, गाल, कपाळ सगळं एका पातळीवर. अशा दिवशी पांढऱ्याऐवजी काळं कापड घ्या. सावलीच्या बाजूला, चेहऱ्याच्या शक्य तितक्या जवळ टांगा. ते भिंतीवरून येणारा उजेड गिळतं, आणि गालाला गोलाई परत येते. माणसाला तिरकं बसवा, त्याच कडेच्या पट्ट्यात. मळभाचा दिवस मला उन्हाच्या दिवसापेक्षा जास्त आवडतो, कारण तासन्‌तास उजेड बदलत नाही आणि समोरचा माणूस निवांत होईपर्यंत थांबता येतं. त्रास असतो तो अधूनमधून ढग येणाऱ्या दिवसाचा. त्यात एका मिनिटात दोन स्टॉपचा फरक पडतो. अशा दिवशी दर काही फोटोंनंतर गालावर परत मोजा.

दिशेबद्दल. उत्तर गोलार्धातले चित्रकार स्टुडिओसाठी उत्तरेची खिडकी शोधायचे, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही, दिवसभर आकाशाचाच उजेड येतो. दक्षिण गोलार्धात तीच सोय दक्षिणेच्या खिडकीची. उष्ण कटिबंधात मात्र सूर्य वर्षातले काही महिने उलट्या बाजूने जातो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीतही कवडसा येऊ शकतो. उत्तरेची खिडकी नसेल तर खंत करू नका. पूर्वेची खिडकी दुपारनंतर आणि पश्चिमेची सकाळी उत्तरेच्याच खिडकीसारखी वागते. अमेरिकन फोटोग्राफर आयर्विंग पेन यांनी १९४८च्या डिसेंबरात पेरूमधल्या कुस्को गावातल्या एका फोटोग्राफरचा दिवसाच्या उजेडावर चालणारा स्टुडिओ भाड्याने घेतला आणि गावातल्या, आजूबाजूच्या माणसांचे फोटो काढले. ते एकदा सावकाश बघा. एका बाजूने येणारा उजेड, एक साधा पडदा आणि माणसं, एवढ्याच सामग्रीवर उभं राहिलेलं काम आहे ते. त्याच्याही आधी, १८६३ साली, ब्रिटिश फोटोग्राफर ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या ४८व्या वर्षी पहिला कॅमेरा भेट मिळाला आणि त्यांनी घरच्या कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. खुराड्याच्या काही काचा झाकून, काही उघड्या ठेवून चेहऱ्यावरचा उजेड घडवता येतो. तुमच्या खिडकीचा खालचा भाग झाकणं हे त्याच जातीचं काम आहे.

रंगाबाबत एक नियम मी मोडत नाही, खोलीतले सगळे दिवे बंद. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळट, जास्त तितका निळसर. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो, दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास, आणि निळ्या आकाशातून येणारा सावलीचा उजेड ७००० च्या वर जातो. दोन्ही एका चेहऱ्यावर पडले की एक गाल निळा आणि एक नारिंगी, आणि व्हाइट बॅलन्सने, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवणाऱ्या सेटिंगने, एकच बाजू बरोबर करता येते. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाचे फोटो काढताना मागच्या कोपऱ्यातला एक टेबललॅम्प चालू राहिला. माझ्या डोळ्यांना तो जाणवलाही नाही, कारण आपला डोळा हा फरक आपोआप मिटवतो. घरी येऊन बघते तर आजींचे पांढरे केस एका बाजूने पिवळे. तेव्हापासून खोलीत शिरल्यावर माझा हात आधी स्विचबोर्डकडे जातो. बाहेरचंही बघा. खिडकीसमोर मोठं झाड असेल तर हिरवट झाक येते, समोरच्या इमारतीची लाल भिंत उन्हात असेल तर तांबूस. भडक रंगाचा सदराही हनुवटीखाली आपला रंग सोडतो. पहिल्या फोटोत चेहऱ्याशेजारी एक पांढरा किंवा राखाडी कागद धरून ठेवला की नंतर रंग जुळवायला खूण मिळते.

एक्स्पोजर उजळ गालावर मोजा. कॅमेऱ्यात स्पॉट मीटर, म्हणजे एका छोट्या ठिपक्यापुरताच उजेड मोजणारी सोय, असेल तर तो तिथे न्या. कॅमेरा जे मोजतो ते मधल्या राखाडीकडे ओढतो हे लक्षात ठेवा. गोऱ्या त्वचेला म्हणून थोडं वाढवावं लागतं. मध्यम सावळ्या त्वचेला बहुतेकदा आहे तेच बरोबर असतं, आणि गडद त्वचेला थोडं कमी करावं लागतं, नाहीतर तिचा खरा रंग फिका पडतो. गडद त्वचेवर मोठ्या खिडकीची जी चमक उमटते, कपाळावर, गालाच्या हाडावर, ती पुसून टाकू नका. चेहऱ्याचा आकार तीच दाखवते. फ्रेममध्ये खिडकी येत असेल आणि ती पांढरी जळत असेल, तर तिला वाचवायच्या नादात चेहरा काळा करू नका. खिडकी फ्रेमबाहेर काढा. पाठीमागे खिडकी हवीच असेल तर ती जळणार हे मान्य करून चेहऱ्यासाठी मोजा.

आकडे विचारलेत म्हणून सुरुवातीचे देते: आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) ४००, अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) एफ २.८, शटर (ते किती वेळ उघडं राहतं) १/१२५ सेकंद. खिडकीजवळ दिवसा साधारण इथून सुरुवात होते, पुढे गालाकडे बघून बदला. शटर १/१२५ च्या खाली नेण्यापेक्षा मी आयएसओ वाढवते, आणि मुलांसाठी १/२५० धरते. बोलणाऱ्या माणसाचे ओठ आणि पापण्या हलतात, ती धूसरता नंतर सुधारत नाही. आयएसओ वाढवल्यावर फोटोत येणारे कण सहसा कुणाला खटकत नाहीत. चेहरा तिरका असेल आणि जवळून काढत असाल तर एफ २.८ ला एकच डोळा स्पष्ट येतो, तो कॅमेऱ्याजवळचा असू द्या.

फोनने काढत असाल तर यातलं जवळजवळ सगळं तसंच लागू आहे. उजळ गालावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर जागेवर राहतात, मग उजेड किंचित खाली ओढा. फोन स्वतःहून सावल्या उचलायला बघतो आणि तुम्ही मेहनतीने आणलेली गोलाई सपाट करतो. दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नेहमीच्या रुंद लेन्सने चेहऱ्याच्या फार जवळ गेलात तर नाक मोठं होतं. आणि लेन्स पुसा, बोटाच्या ठशाने खिडकीचा उजेड धुरकट पसरतो.

चष्मा असेल तर काचेत खिडकी दिसणारच. चष्म्याच्या काड्या कानांवरून बोटभर उचलायला सांगा, काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब खाली घसरतं. तेवढ्याने गेलं नाही तर चेहरा खिडकीपासून थोडा वळवा. चष्मा काढायला मी सांगत नाही. रोज चष्मा घालणारा माणूस त्याशिवाय स्वतःला अनोळखी वाटतो आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

आता लाइट. आज घेऊ नका. एक थर्मोकोल, दोन मीटर काळं कापड, एक पांढरा पातळ पडदा आणि चार चिमटे आणा, आणि एकच माणूस, एकच खिडकी घेऊन सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच असे तीन वेळा फोटो काढा. प्रत्येक वेळी तीन जागा: खिडकीच्या मध्यावर, पलीकडच्या कडेशी, आणि आत दोन मीटरवर. नऊ फोटो शेजारी शेजारी ठेवून फक्त नाकाची सावली बघा. असं महिनाभर केल्यावरही रात्री किंवा खिडकी नसलेल्या खोलीत काम करायची गरज वाटली, तर मग लाइट घ्या. घेतल्यावर तो पांढऱ्या पडद्यामागे, डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वर, माणसापासून मीटरभर अंतरावर आणि तुमच्या त्याच कडेच्या कोनात ठेवा. कुठे ठेवायचा हे तोपर्यंत तुमच्या डोळ्याला खिडकीने शिकवलेलं असेल.